पुढं लई भारी आहे म्हणे

कूलरच्या नव्या गवतावर पहिल्यांदा पाणी सुटलं की एक ओला, हिरवट, थोडासा मातकट वास घरभर पसरतो. आमच्याकडे उन्हाळा कॅलेंडर बघून सुरू होत नाही, या वासानं होतो. यंदा त्या वासाला आवाजही जोडला गेला. काच फुटण्याचा, लोखंड वाकण्याचा, आणि त्या सगळ्यावर हिंदीत गंभीरपणे बोलणाऱ्या एका माणसाचा.

नांदेडात मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. गिऱ्हाईक येतं ते सकाळी, नाहीतर थेट ऊन कलल्यावर. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढायचं, घरी यायचं, पाय धुवायचे आणि कूलरसमोरच्या खुर्चीत बसायचं. मी बसलो की समोर टीव्हीवर तो येतो. शिशाच्या रंगाचा अंगाबरोबर घट्ट पोशाख आणि पाठीवर विनाकारण एक लांब फडकं. विनाकारण म्हणतो, कारण उडताना त्या फडक्याचा काही उपयोग झालेला मला दिसला नाही. उलट एक-दोन वेळा ते दारात अडकायला हवं होतं, आणि अडकलं नाही.

हा माणूस दर भागात एक शहर वाचवतो. शहर तेच. दर वेळी ते संकटात सापडतं आणि दर वेळी वाचवून झाल्यावर ते राहण्यालायक उरत नाही. पूल पडलेला, रस्ते उखडलेले, इमारतींच्या भिंती गायब. लोक मात्र टाळ्या वाजवतात. पुढच्या भागात सगळं जागच्या जागी. पूल कुणी बांधला, किती दिवस वाहतूक कुठून वळवली, कुणी काही सांगत नाही.

स्पष्टच सांगतो, मला ही सिरीज आवडली नाही. आणि हे सांगायला नांदेडात मला माणूस मिळेना. दुकानात येणाऱ्या पोरांना तिचे भाग पाठ. शेजारच्या घरातल्या लहान मुलाच्या दप्तरावर तो. माझा मेहुणा बसवराज उदगीरला आडत चालवतो, तूर-सोयाबीन सोडून त्याला फारसं काही सुचत नाही, त्यानं ही सिरीज दोनदा बघितली. मी फोनवर कुरकुर केली तर म्हणाला, "दाजी, पहिले चार भाग कळ काढा. पुढं लई भारी आहे."

चार भाग कळ काढली. मग म्हणाला, सहाव्यापासून पकड घेते. सहावा झाल्यावर म्हणाला, खरी मजा शेवटी आहे. आमच्या बाजारात आंब्याची पेटी घेताना वरचा थर बघतात, मग हात घालून खालचाही चाचपतात. इथं वरचा थर नासका निघाला तरी गिऱ्हाइकानं खालपर्यंत खात जायचं, असा व्यवहार मी दुसरीकडे पाहिला नाही.

तरी मी रोज बसत होतो. कारण खुर्चीच्या शेजारी, पलंगावर पाय पोटाशी घेऊन, माझी मुलगी गिरिजा बसलेली असायची.

गिरिजा दोन वर्षं लातुरात होती. बारावी झाल्यावर डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत थोडक्यात राहिली, तेव्हा एक वर्ष आणखी करू म्हणून तिथंच थांबली. ही सिरीज आली ती त्याच वर्षी. क्लासमध्ये, खानावळीत, पोरींच्या तोंडी तोच विषय. गिरिजानं ठरवलं की परीक्षा झाल्याशिवाय एकही भाग बघायचा नाही. खानावळीत कुणी गोष्ट सांगायला लागलं की ही ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायची म्हणे. यंदा मेच्या सुरुवातीला दुसऱ्यांदा परीक्षा दिली, ट्रंक तिथंच ठेवून एक पिशवी घेऊन घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पप्पा, आता ती सिरीज बघायची. तुम्ही पण बसा."

उत्तरं तपासून झाली होती. मार्क वाढले होते, पण पुरत नव्हते. क्लासवाल्यांना आणि खोलीच्या मालकीणबाईंना महिनाअखेरपर्यंत सांगायचं होतं की गिरिजा आणखी एक वर्ष येणार का. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विचारत नव्हतं. शोभा, माझी बायको, पोळ्या लाटता लाटता तिच्याकडे बघायची आणि पुन्हा पोळीकडे बघायची. मी दुकानातून आल्यावर तिच्या शेजारी बसायचो. वाटायचं, आज बोलेल. मग समोर एखादी इमारत पडायची आणि तो दिवस संपायचा.

*

पाचव्या की सहाव्या भागात त्यानं पाण्याची टाकी उपटली.

मी हे जरा सविस्तर सांगतो. माझं दुकान टाक्यांचं आहे. प्लास्टिकच्या टाक्या, पाइप, मोटारी, नळ. हजार लिटरची टाकी भरली की पाणीच एक टन होतं, आणि खालचा कट्टा कच्चा असेल तर घर तडकतं, हे मी दिवसभर लोकांना समजावतो. आणि इथं एका राक्षसानं चौकात धुमाकूळ घातला म्हणून या गृहस्थानं शहराची उंच टाकी, खांबांसकट, मुळ्यासारखी उपटली आणि त्याच्या डोक्यात घातली. पाण्याचा लोंढा आला, राक्षस वाहून गेला, पाठीमागे जोरात संगीत. लोक ओल्या कपड्यांनी नाचायला लागले.

मी खुर्चीत पुढे सरकलो. म्हणालो, अरे, ती टाकी अख्ख्या भागाची आहे. आता उद्या सकाळी या लोकांनी काय करायचं?

"पप्पा, उगं बसा ना," गिरिजा म्हणाली.

उगं बसलो. पण पुढचा भाग लागला तेव्हा माझं सगळं लक्ष तिकडेच. कुठं टँकर दिसतो का, कुठं भांडी घेऊन माणसं उभी आहेत का. काही नाही. इस्त्रीचे कपडे घालून सगळे कॉफी पीत होते. एका बाईनं तर अर्धा भरलेला ग्लास सिंकमध्ये ओतला. मी गिरिजाकडे बघितलं. तिनंही तो ग्लास बघितला होता. 

तिला पाण्याचं काय ते सांगायला नको. नांदेडात आमच्या नळाला रोज पाणी येतं, गोदावरी आहे. तरी ती परत आल्यापासून संध्याकाळी घरातली प्रत्येक बाटली, तांब्या, कळशी भरून ठेवते. शोभानं दोनदा सांगितलं की बाई, सकाळी येतंय पाणी. ती मान हलवून हाव म्हणते, आणि भरतेच. लातुरात राहिलेल्या माणसाच्या हाताला ही सवय लागते ती लवकर सुटत नाही. मला स्वतःला सुटायला वर्षं गेली.

*

गिरिजा तिसरीत होती तेव्हा आम्ही लातुरातच राहायचो, औशाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला. त्या उन्हाळ्यात नळ नुसते भिंतीला लावलेले होते. तोटी फिरवली की आत हवा सुस्कारा टाकायची. तोटीचं पितळ उन्हानं इतकं तापायचं की गिरिजा फ्रॉकच्या टोकानं धरून ती फिरवायची आणि कान लावून तो आवाज ऐकायची.

टँकर कोपऱ्यावरच्या लिंबाखाली यायचा. कधी येणार हे कुणाला माहीत नसायचं, म्हणून रांगेत माणसं उभी राहायची नाहीत, घागरी उभ्या राहायच्या. केशरी, हिरव्या, निळ्या प्लास्टिकच्या घागरी, एकामागं एक, थेट किराणा दुकानापर्यंत. प्रत्येकीवर ऑइल पेंटनं घराचं नाव. वारा सुटला की रिकाम्या घागरी लवंडायच्या आणि गल्लीतून गडगडत जायच्या, मग कोण कुणाच्या पुढं होतं यावर भांडण. म्हणून प्रत्येक घरानं एक राखणदार बसवलेला. आमच्या दोन घागरींची राखणदार गिरिजा होती. तिनं हट्टानं त्यांच्यावर आडनावाऐवजी लाल रंगात नुसतं 'गि' लिहून घेतलं होतं.

मी तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात कामाला होतो. संध्याकाळी सुटलो की तिच्याजवळ दगडावर जाऊन बसायचो. लिंबाचा मोहोर झडून गेलेला, निंबोळ्या पायाखाली चुरडायच्या, त्यांचा कडू वास. टँकरवाल्याला फोन लावला की तो म्हणायचा, पुढच्या चौकात आहे. तासाभरानं लावला तरी पुढच्याच चौकात. लातुरात तेव्हा किती चौक होते ते मला माहीत होतं, टँकर त्यापेक्षा जास्त चौकांतून येत होता.

वेळ जाईना तेव्हा ती गोष्ट सांगा म्हणायची, पण कुठली सांगणार? मला गोष्टी येत नाहीत. म्हणून सुरू केलं, एक माणूस होता. त्याला एका वेळी दोन भरलेल्या घागरी उचलता यायच्या.

"अजून काय यायचं?"

बस, एवढंच, म्हणालो.

"उडायचा का?"

"उडता आलं असतं तर रांगेत कशाला बसला असता?"

यावर तिनं बराच विचार केला आणि मान्य केलं. पुढे नियम तिनंच वाढवत नेले. त्याच्या घागरीतलं पाणी सांडायचं नाही. सांडलं तर तो पुन्हा रांगेच्या शेवटी. त्यानं मधे घुसायचं नाही. एक घागर घरची आणि एक ज्यांच्या घरी उचलणारं कुणी नाही त्यांची. त्याचे शत्रूही आमच्याच गल्लीतले होते. फाटका पाइप. एका घराच्या नावावर सहा घागरी लावणारा एक मिशीवाला. रिकाम्या घागरीत तोंड घालणारं कुत्रं. मागच्या घागरीवाल्या शकुंतलाकाकू ऐकता ऐकता दुरुस्ती करायच्या. म्हणायच्या, अहो, दोन भरल्या घागरी घेऊन तो जिना कसा चढला, ते सांगा. मग मला त्याला एका मजल्यावर थांबवावं लागायचं, दम खायला. त्याच्या तळहाताला वळ उठायचे. ते वळही गोष्टीत असायचे, गिरिजा ते विसरू द्यायची नाही.

टँकर आला की गोष्ट अर्धीच टाकून आम्ही उठायचो. पाइपातून पहिली धार मातकट यायची, मग पांढरी. ओल्या धुळीचा वास सुटायचा आणि सगळी गल्ली एकदम बोलायला लागायची. घागरी भरून घरी न्यायच्या, न्हाणीतल्या ड्रममध्ये ओतायच्या. दुसरी घागर ओतून झाली की मी म्हणायचो, आणि त्यानं पाणी घरात आणलं. संपली गोष्ट. गिरिजा ड्रमवर झाकण ठेवायची.

त्याच्यापुढं काय, असं तिनं कधी विचारलं नाही. पाणी घरात आल्यावर पुढं काय असणार? दुसऱ्या वेळी टँकर यायचा तेव्हा पुन्हा नवी.

पुढच्या वर्षी आम्ही नांदेडला आलो. नदीकाठचं गाव म्हणून आलो हे खरं कारण, लोकांना धंद्याचं सांगितलं. इथं टाक्यांचंच दुकान टाकलं. आणि मग ज्या गावातून पाण्यापायी उठलो त्याच गावात मार्कांपायी पोरीला नेऊन ठेवलं. त्यात माझं काही चुकलं असं मी म्हणत नाही, तिथं शिकवतात चांगलं. पण एस.टी.तून परतताना पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं, आणि हसू येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

*

मी आकड्यांत विचार करणारा माणूस आहे. शोभा म्हणते, तुम्ही जेवतानासुद्धा घास मोजता. ते खोटं आहे, पण आकडा समोर आला की मी तो तपासतो. गिरिजाचे पहिल्या वर्षीचे मार्क, दुसऱ्या वर्षीचे मार्क, दोन्ही मनात मांडून मी बघितलं होतं. पहिल्याहून दुसऱ्यांदा जितके वाढले तितके तिसऱ्यांदा वाढले तर तिचा नंबर आरामात लागतो. दुकानात बसून मी ही बेरीज इतक्या वेळा केली की ती मला खरी वाटायला लागली. दोन ठिपक्यांतून सरळ रेघ कुणालाही ओढता येते, ती पुढं तशीच जाईल याची हमी ठिपके देत नाहीत, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण बाप म्हणून मनात रेघ ओढली होती, आणि ती वर जात होती.

एका रविवारी बसवराज उदगीरहून आला, आंबे घेऊन. जेवण झालं, आंबे पिळून झाले, आणि हा माणूस तिसऱ्यांदा तीच सिरीज बघायला आमच्याबरोबर बसला. कूलरच्या वाऱ्यासमोर ऐसपैस. त्याला सगळं आधीच माहीत, त्यामुळे आता बघा, आता बघा, असं करत राहिला. मी विचारलं, हा माणूस पोटापाण्याला काय करतो? बसवराज म्हणाला, दाजी, तुम्हाला कोणतीच मजा घेता येत न्हाई. शोभा आतून म्हणाली की लग्नाच्या वरातीत बँडवाले किती आहेत ते मोजत होते हे. सगळे हसले. गिरिजाही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तेवढ्यात बसवराजनं आंब्याचा हात पंच्याला पुसला आणि म्हणाला, "गिरू, तू काय इचार करू नको. एक वर्ष कळ काढ. पुढं लई भारी आहे."

त्याच आवाजात. त्याच शब्दांत. मला एकदम टँकरवाला आठवला. बसवराज मनाचा चांगला आहे, पोरीवर त्याचा जीव आहे, तिच्या क्लासच्या वेळी दर महिन्याला लातूरला चक्कर मारून डबा देऊन यायचा. वाईट वाटावं म्हणून तो बोलला नाही. पण मला इतका वैताग आला की मी उठून कूलरमध्ये पाणी टाकायला गेलो. कूलर भरलेलाच होता.

मागून गिरिजाचा आवाज आला. "हाव मामा." आणि तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.

*

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, शेवटच्या भागांपैकी एक चालू असताना, वीज गेली. तो हवेतच होता, दोन्ही हात पुढे करून, खाली कोसळणारी रेल्वे धरायला निघालेला. पडदा काळा झाला, कूलर घरघर करत थांबला, आणि घरात इतकी शांतता झाली की बाहेरच्या बेशरमीच्या झुडपातले किडे ऐकू यायला लागले. शोभा स्वयंपाकघरात होती. आम्ही दोघं पायरीवर येऊन बसलो. दिवस मावळत आला होता, फरशी अजून भाजत होती.

मी म्हणालो, रेल्वे वाचेल का?

"वाचेल," गिरिजा म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पप्पा, तुम्हाला ही सिरीज आवडली न्हाई ना?"

आता खोटं बोलायचं कारण नव्हतं. न्हाई, म्हणालो. पहिल्या भागापासून न्हाई.

"मला पण."

"मग रोज लावतेस कामून?"

"तुम्ही दुकानातून आले की पाय धुऊन लगेच बसता. मला वाटलं, तुम्हाला नाद लागला."

"अगं, मी तुझ्यासाठी बसून राहिलो."

ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे. मग आम्ही दोघं हसलो. इतकं, की शोभा बाहेर डोकावून काय करून राहिले तुम्ही दोघं असं विचारून गेली. रोज संध्याकाळी, सगळा मे महिना, दोघांनी एकमेकांच्या भिडेखातर ती पडझड सहन केली होती. आणि बोलायचं होतं ते राहूनच गेलं होतं.

हसणं ओसरल्यावर ती एकदम चिडून बोलायला लागली. असं वाटलं की ती सिरीजवर चिडली आहे, आणि होतीही. म्हणाली, खानावळीत पोरी बोलायच्या तेव्हा मी ताट घेऊन उठायचे. जीवशास्त्राचं पुस्तक उघडं ठेवून मनात म्हणायचे, परीक्षा झाली की बघायची. कंटाळा आला, रडू आलं, की तेच म्हणायचे. वर्षभर. "आणि निघालं काय, तर हा बावळट. ह्याला तर नुसतं उचलता येतं. ठेवायचं कुठं, तेच माहीत न्हाई."

हे माझंच मत होतं. पण मला त्याचा आनंद झाला नाही.

मग तिनं विचारलं, "तो दोन घागरीवाला आठवतो का तुम्हाला?"

आठवतो म्हणालो.

"त्याचं बरं होतं. रोज संपायचं."

 पायरीवरून एक मुंगळा चालला होता, त्याच्याकडे बघत राहिलो.

"मला न्हाई जायचं पप्पा लातूरला."

माझी बेरीज तोंडात तयारच होती. मी म्हणालो, गिरू, मी मांडून बघितलं आहे, मार्क ज्या हिशेबानं वाढले त्या हिशेबानं पुढच्या वर्षी... आणि तिथं मी थांबलो. 'पुढच्या' हा शब्द माझ्या तोंडून बाहेर आला आणि मला बसवराज दिसला, आंब्याचा हात पुसणारा. फोनच्या पलीकडचा टँकरवाला ऐकू आला. त्या दोघांना मी ज्यासाठी मनात शिव्या देत होतो तेच मी करत होतो, फक्त आकड्यांसकट.

तिनं वाट बघितली. मी वाक्य पुरं केलं नाही. मग विचारलं, काय करायचं मनात आहे?

"इथंच बी.एस्सी. घेते. केमिस्ट्री. ती मला आवडते, खरंच आवडते. परीक्षेपुरती न्हाई."

आवडते हा शब्द तिच्या तोंडून मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. किती मार्क, कुठला विषय कच्चा, किती वेळा उजळणी, एवढंच ऐकलं होतं. मी म्हणालो, बरं.

"बरं म्हणजे? मनापासून बरं, की सिरीजसारखं बरं?"

मनापासून, म्हणालो. ते त्या क्षणी पूर्ण खरं नव्हतं. पण सिरीजसारखंही नव्हतं.

वीज आली. आत तो पुन्हा हवेतून निघाला, रेल्वेच्या दिशेनं, मोठ्यानं काहीतरी बोलत. गिरिजा उठली, आत गेली, रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. शोभानं विचारलं, संपली का?

"संपवली," गिरिजा म्हणाली, आणि ओट्यापाशी जाऊन आईला पायरीवरचं सगळं सांगितलं. शोभानं हातातला चमचा खाली ठेवला, पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि पहिली काळजी काढली ती भावाची. बसूला कोण सांगणार? गिरिजानं तिथंच फोन लावला. तिकडून बराच वेळ समजावणं चाललं होतं, ही हाव, हाव म्हणत होती. शेवटी तो काय म्हणाला ते आम्हाला तिच्या उत्तरावरून कळलं. "न्हाई मामा, शेवटचे दोन भाग पण न्हाई बघत. तुम्हीच सांगा रेल्वेचं काय झालं ते."

*

महिनाअखेरीस आम्ही दोघं लातूरला खोली रिकामी करायला गेलो. मालकीणबाईंना फोनवर आधीच सांगितलं होतं. पलंग, टेबल, दोन पोती पुस्तकं, ट्रंक. टेम्पो खाली उभा. सगळं उतरवलं आणि शेवटी राहिला न्हाणीतला निळा ड्रम. झाकण काढलं तर काठोकाठ भरलेला. परीक्षेच्या आदल्या दिवशी पाणी आलं होतं, ते तिनं भरून ठेवलं होतं, आणि तसाच झाकून ती नांदेडला आली होती.

टेम्पोवाला म्हणाला, साहेब, ओतून द्या, मोरीच आहे. तो बाहेरगावचा होता.

लातुरात कुणी भरलेला ड्रम ओतत नाही. खोली सोडणारा आपलं पाणी मजल्यावरच्यांना देऊन जातो. पिता आलं नाही तरी धुण्याला, झाडाला, कूलरला लागतंच. गिरिजानं कोपऱ्यातून दोन घागरी काढल्या. मी एक घ्यायला हात पुढं केला तर तिनं दोन्ही माझ्या हातात दिल्या आणि स्वतः मग्यानं भरायला लागली. मी न्यायचो, ओतून यायचो, ती पुन्हा भरायची. ऊन होतं. पहिल्या दोन-तीन खेपांतच तळहाताला वळ उठले.

"सांडू नका," ती म्हणाली. "सांडलं तर रांगेच्या शेवटी."

टोकाच्या खोलीत निलंग्याकडची एक मुलगी होती, नव्यानंच आलेली. पलंगावर पुस्तकं पसरलेली, केसांना तेल. तिच्या बादलीत पाणी ओतत होतो तेव्हा ती दारातल्या गिरिजाला म्हणाली, "दीदी, तुमची तर परीक्षा झाली ना. ती सिरीज बघितली का? मी ठेवलीय, माझी झाल्यावर बघणार. कशी आहे?"

मी तोंड उघडलं. टाकीचं, पुलाचं, त्या फडक्याचं, सगळं सांगायला महिनाभर मला माणूस मिळाला नव्हता. पण मुलगी माझ्याकडे बघतच नव्हती, गिरिजाकडे बघत होती.

गिरिजानं पलंगावरच्या पुस्तकांकडे बघितलं. मग म्हणाली, "थांबू नको त्याच्यासाठी. रविवारी एक भाग बघून टाक. न्हाई आवडली तर सोडून दे."

"मधेच सोडायची?"

"हाव," गिरिजा म्हणाली. "काय न्हाई होत."

शेवटच्या खेपेला घागर पूर्ण भरलीच नाही. तळाला ओंजळभर पाणी राहिलं, ते तिनं मग्यानं खरवडून व्हरांड्यातल्या तुळशीला घातलं. मग ड्रम आडवा केला, उलटा केला, आणि वाळायला जिन्यात पालथा ठेवला. मी दोन्ही रिकाम्या घागरी उचलल्या आणि तिच्यामागून खाली उतरलो.